अकराशे ऐंशी रुपये आणि चौथा ग्राइंडर

त्या शुक्रवारी सकाळी चेन्नियप्पननं एक छोटासा निर्णय घेतला. बँकेला अकराशे ऐंशी रुपये द्यायचे नाहीत. बस, एवढंच. माणूस दाढी करता करता असे दहा निर्णय घेतो आणि आंघोळ होईपर्यंत विसरतो. चेन्नियप्पन विसरला असता तर कोइमतूर शहराचं काही बिघडलं नसतं, आणि त्याच्या स्वयंपाकघरात आज पाय ठेवायला जागा राहिली असती.

चेन्नियप्पन म्हणजे पीळमेडुतल्या पंपाच्या कारखान्यातला स्टोअर्सचा हेडक्लार्क. वय बावन्न, मिशी जाड, हिशेब त्याहून जाड. दोन वर्षांपूर्वी एका सुपरमार्केटच्या दारात, रंगीत छत्रीखाली उभ्या असलेल्या एका टायवाल्या मुलीनं त्याला मोराचं चित्र असलेलं क्रेडिट कार्ड दिलं होतं. "आयुष्यभर मोफत, सर," ती म्हणाली होती. चेन्नियप्पन पक्का माणूस. त्यानं तीनतीनदा विचारून घेतलं, "आयुष्यभर म्हणजे कुणाच्या? माझ्या की बँकेच्या?" मुलगी गोड हसली. (त्या हसण्याचा अर्थ त्याला पुढं कळला. ते आयुष्य एका वर्षाचं निघालं. वर्ष संपलं आणि बँकेनं कळवलं, की अटी बदलल्या आहेत. आता दर वर्षी हजार रुपये फी, वर कर. मात्र वर्षात दीड लाखाची खरेदी कार्डावर केली तर फी माफ.)

पण तोवर चेन्नियप्पनला कॅशबॅकची गोडी लागली होती. तेल घेतलं, कॅशबॅक. तूरडाळ घेतली, कॅशबॅक. फोनवर 'त्रेचाळीस रुपये जमा' असा मेसेज आला की तो कारखान्याच्या कँटीनमध्ये टेबलाटेबलावर फिरवून दाखवला जाई, जणू घरात नातू झालाय. लोक त्याला विचारू लागले, "अण्णा, टायर घ्यायचेत, कुठल्या कार्डावर घेऊ?" आणि चेन्नियप्पन डोळे मिटून, मिशीवरून बोट फिरवून सल्ला देई. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी सल्ला विचारला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

बायकोलाही त्यानं या कार्डाच्या भरवशावर एक वचन दिलं होतं. मरगदमच्या नाकातली सोन्याची चमकी दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आदल्या दिवशी, इडलीचं पीठ वाटताना ग्राइंडरमध्ये पडली. सगळ्या घरानं तीन दिवस इडली अशी जपून चावली की दाढदुखीवाल्यांनी शिकून घ्यावं. चमकी कुणाच्याच दाताखाली आली नाही. तेव्हापासून मरगदम नाकात कडुनिंबाची बारीक काडी घालून होती, भोक बुजू नये म्हणून. "थांब," चेन्नियप्पन म्हणाला होता, "कॅशबॅक साठू दे. तुझ्या नाकात हिऱ्याची चमकी घालतो. माझ्या खिशातून नाही, बँकेच्या खिशातून!" दोन वर्षं झाली. काडी सात वेळा बदलली.

तर शुक्रवारी सकाळी मेसेज आला. कार्डाचं वर्ष येत्या मंगळवारी संपतंय, फी माफ व्हायला आणखी अठरा हजार तीनशे साठ रुपयांची खरेदी हवी. नाहीतर फी आणि कर मिळून अकराशे ऐंशी.

"भरून टाका," मरगदम दोसा उलटत म्हणाली. "अकराशे ऐंशी वाचवायला अठरा हजार खर्च करायचे?"

"खर्च कोण करतंय! खर्च दुसऱ्यांचा, कार्ड आपलं. ते वस्तू घेणार, मी कार्ड घासणार, ते मला रोख देणार."

"आणि नाही दिले तर?"

"मरगदम," चेन्नियप्पन उभा राहिला. त्याच्या हातात दोशाचा तुकडा होता, पण आवेश तलवारीचा होता. "अम्मासमोर सांगतो. बँकेनं माझ्याकडून या फीचा एक रुपया जरी घेतला ना, तर दर रविवारी इडलीचं पीठ मी वाटीन! भिजवण्यापासून ग्राइंडर धुण्यापर्यंत!"

कोपऱ्यात त्याची आई अंगात्ताळ बसली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरचा कालचा कागद फाडून आजच्या कागदावरचा राहुकाळ वाचण्यात ती गर्क होती. तिनं चष्म्यावरून मुलाकडं पाहिलं. "हे बोलताना किती वाजले होते?" तिनं विचारलं.

"साडेसात, अम्मा."

"मग चालेल. आज राहुकाळ साडेदहाला."

चेन्नियप्पन त्या दिवशी कारखान्यात गेला तो तरंगतच. कँटीनमध्ये त्यानं जाहीर केलं, की कुणाला काहीही घ्यायचं असेल तर मंगळवारपर्यंत आपण आहोत. खरेदी तुमची, कार्ड माझं. स्टोअर्समधल्याच देवसहायमनं स्कूटरचे दोन टायर आणि बायकोसाठी प्रेशर कुकर घेतला. बेचाळीसशे रुपये. देवसहायम सज्जन माणूस, रोख तिथल्या तिथं मोजून दिली. चेन्नियप्पनला वाटलं, हे तर फार सोपं आहे. बेचाळीसशे एका दुपारी! या गतीनं तर पुढच्या वर्षाचीसुद्धा सोय होईल.

या यशानं डोकं फिरलं आणि शनिवारी संध्याकाळी तो सुपरमार्केटात जाऊन थेट बिलाच्या रांगेपाशी उभा राहिला.

रांगेत पुढं एक आजी होत्या. टोपलीत शेंगदाणा तेल, गूळ, साबण. चेन्नियप्पन नम्रपणे वाकला. (त्या भागात माणसं भांडतानासुद्धा एकमेकांना अहो-जाहो करतात, मग मदत करताना तर विचारूच नका.)

"आजी, तुमचं बिल मी भरू का?"

आजींनी त्याला पायापासून मिशीपर्यंत न्याहाळलं. पांढरा शर्ट, पांढरी लुंगी, हात जोडलेले. "भरा की बाळा," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी कुणी आलं. कधी आहे?"

"काय कधी आहे?"

"निवडणूक."

"छे छे, आजी, निवडणूक नाही. मी कार्डानं भरतो, तुम्ही मला—"

"सगळे असंच म्हणतात," आजी समजूतदारपणे म्हणाल्या आणि टोपलीत आणखी एक साबण टाकला. यंत्रानं टुंग केलं, सहाशे चाळीस रुपये गेले. आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "निवडून येशील," म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या. आता आशीर्वाद दिलेल्या म्हातारीच्या मागं पैशासाठी धावायचं? चेन्नियप्पनचे पाय जागचे हललेच नाहीत.

पण रांगेचे हलले. पलीकडच्या दोन रांगा मोडल्या आणि या रांगेला येऊन चिकटल्या.

"कुठल्या वॉर्डातून उभे आहात, अण्णा?" एका मिशाळ गृहस्थानं विचारलं.

"मी उभा नाही हो!"

"अपक्ष," तो गृहस्थ मागच्याला म्हणाला. "म्हणून नाव सांगत नाहीत."

"मागच्या वेळी एकानं मिक्सर दिले होते," एक बाई म्हणाली. "तुमचं चिन्ह काय?"

चेन्नियप्पननं घाबरून हातातलं कार्ड वर धरलं, लोकांना नीट समजावून सांगावं म्हणून. त्यावर मोर होता.

"मोर!" रांग एका आवाजात म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या जोडप्यानं बासमतीची पाच किलोची पिशवी, खारे काजू आणि तुपाचा डबा काउंटरवर चढवला होता आणि काउंटरवरच्या मुलीनं चेन्नियप्पनच्या हातातून कार्ड घेतलंही होतं. यंत्र पुन्हा टुंग वाजलं. त्या जोडप्याला त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं: फी, कर, दीड लाख, मंगळवार. नवऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून पाचशेवीस रुपये काढून दिले. "पक्षनिधी समजा," तो म्हणाला. इतक्यात सुरक्षारक्षक येऊन उभा राहिला. "साहेब, आचारसंहिता लागू असेल तर आमच्या दुकानाला त्रास नको," असं म्हणून त्यानं चेन्नियप्पनला हाताला धरून, अगदी आदरानं, दाराबाहेर नेऊन सोडलं.

हिशेब असा झाला: कार्डावर चोवीसशे साठ, हातात पाचशेवीस. म्हणजे फीपेक्षा जास्त पैसे एका संध्याकाळी मतदारांनी खाल्ले. पण चेन्नियप्पनच्या डोक्यात हा हिशेब शिरलाच नाही. त्याला फक्त एवढंच दिसत होतं, की आता अकरा हजार सातशे राहिले! घरी येईपर्यंत तो शीळ वाजवत होता. कित्येक वर्षांत त्याला इतकं जिवंत वाटलं नव्हतं, हे खरंच.

रविवारी तो बायकोच्या थोरल्या भावाच्या, आरुच्चामीच्या, दुकानात शिरला. आरुच्चामी ग्राइंडर विकतो. कोइमतूरमध्ये ग्राइंडर विकणं म्हणजे नदीकाठी पाणी विकणं, त्यामुळं त्याच्या दुकानात बहुतेक वेळ पंखाच तेवढा फिरतो. बहिणीच्या नवऱ्याला बघून तो खुर्चीवरून उडालाच. (तिकडं जावयाला माप्पिळ्ळै म्हणतात आणि मेव्हण्याला मच्चान.)

"या या, माप्पिळ्ळै! कॉफी सांगू?"

"मच्चान, अकरा हजार सातशेचं काय आहे?"

असा प्रश्न आरुच्चामीला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यानं डोळे पुसले. "हा बघा. कलता होणारा. पीठ ओतायला वाकावं लागत नाही. किंमत बारा हजार चारशे, पण घरच्या माणसाला..." त्यानं कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवली, "अकरा हजार सातशे!"

"बरोबर अकरा हजार सातशे?"

"बरोबर!"

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. का, ते दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं.

रिक्षातून ग्राइंडर उतरला तेव्हा मरगदम दारात उभी होती. घरात आधीच अम्माचा दगडी रगडा होता, मरगदमच्या लग्नातला ग्राइंडर होता आणि एका निवडणुकीनंतर घरोघरी वाटला गेला तो फुकटचा ग्राइंडर होता.

"हा चौथा," ती म्हणाली.

"हा कलता होतो."

"मीही होणार आहे थोड्या वेळात. अहो, हा ठेवायचा कुठं?"

"पोंगलला तुझ्या मावसबहिणीच्या लग्नात आहेर देऊन टाकू! आहेराचा खर्च तर होणारच होता ना? तो वळवला!" चेन्नियप्पननं दोन्ही हात पसरले. "मरगदम, झाले दीड लाख! बरोबर दीड लाख, एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. जिंकलो!"

ग्राइंडरला वळसा घालून मरगदम आत गेली, आणि त्यानंतर स्वयंपाकघरात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला वळसा घालावाच लागला.

सोमवार आनंदात गेला. मंगळवारी दुपारी दोन वाजता, कँटीनमध्ये सगळ्यांना दाखवायला म्हणून चेन्नियप्पननं फोनवर बँकेचं पान उघडलं.

'फी माफ होण्यासाठी बाकी: ३,१०० रुपये.'

"अण्णा, हे काय?" देवसहायमनं विचारलं.

चेन्नियप्पनच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं 'सुधारित अटी' असं लिहिलेल्या जागी दाबलं. एक्केचाळीस पानं उघडली. सव्विसाव्या पानावर सापडलं: 'या महिन्यापासून पुढील खरेदी वार्षिक खर्चात धरली जाणार नाही.' खाली यादी होती. यादीतली पहिलीच ओळ: पेट्रोल.

वर्षभरात स्कूटरमध्ये एकतीसशेचं पेट्रोल कार्डावर घातलं होतं. सोमवारी नवा महिना लागताच ते बँकेनं अलगद काढून घेतलं होतं.

"पेट्रोल!" तो ओरडला, आणि पुढं एक अक्षरही न वाचता अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत सुटला. (वाचकहो, त्यानं आणखी फक्त एक ओळ वाचायला हवी होती. एकच. पण धावणाऱ्या माणसाला कोण थांबवणार?)

तीन वाजून पाच मिनिटांनी तो आरुच्चामीच्या दुकानात होता. "मच्चान, एकतीसशेच्या वरचं काहीही!"

"मिक्सर, बत्तीसशे पन्नास!" आरुच्चामीनं क्षणात खोकं काउंटरवर ठेवलं. चेन्नियप्पननं कार्ड काढलं. कार्ड यंत्रापासून चार बोटांवर आलं आणि खिशातला फोन वाजला. अम्मा होती.

"कण्णू, बाळा, कारखान्यातून कुठं पळालास? फोन केला तर ते म्हणाले, तू पेट्रोल पेट्रोल करत गेलास."

"अम्मा, मिक्सर घेतोय, मग बोलतो."

"आत्ता?" अम्माचा आवाज चिरकला. "कण्णू, मंगळवार आहे! तीन ते साडेचार राहुकाळ! कॅलेंडरचा कागद माझ्या हातात आहे!"

"अम्मा, बँकेला राहुकाळ नसतो."

"म्हणूनच बँका बुडतात. ऐक, राहुकाळात घेतलेली विजेची वस्तू घरात टिकत नाही. तुझ्या वडिलांनी पंखा घेतला होता राहुकाळात. आठवतोय ना?"

"अम्मा, तो पंखा अजून फिरतो!"

"फिरतो. पण वारा येतो का?"

तीस वर्षं चेन्नियप्पन त्या पंख्याखाली घामानं भिजून झोपत होता. समोर आरुच्चामीनंही हळूच खोकं काउंटरवरून खाली उतरवलं. "तुमच्या आई, आमच्या अत्तै, म्हणतात तर राहू द्या, माप्पिळ्ळै. उद्या मिक्सर जळला तर माझ्या दुकानाचं नाव. साडेचारला घ्या. दिवस मावळायला वेळ आहे."

तो दीड तास! चेन्नियप्पन बाकावर बसला, उठला, फिरला, पुन्हा बसला. घड्याळाचा काटा ढिम्म हलेना. आणि सव्वाचारच्या सुमारास, तिसऱ्या कॉफीनंतर, त्याच्या डोक्यात दिवा पेटला. मिक्सर कशाला? मरगदमची चमकी! एकतीसशेच्या वर ती जाणारच. फी माफ, वचन पुरं, पुढच्या महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतायत तेही साधलं! इतकी सुंदर कल्पना आपल्याला आजवर कशी सुचली नाही, याचंच त्याला आश्चर्य वाटलं. त्यानं अम्माला फोन लावला.

"सोनं?" अम्माचा आवाज एकदम मऊ झाला. "साडेचारनंतर पावणेपाच ते पावणेसहा उत्तम वेळ आहे. जा कण्णू. लोखंड राहू दे, सोनंच घे. त्या पोरीच्या नाकातली काडी बघवत नाही मला."

राज वीथीतल्या सराफाच्या दुकानात पाच वाजता चेन्नियप्पननं हिऱ्याची बारीकशी चमकी निवडली. सात हजार चारशे. कार्ड घासलं, यंत्र टुंग वाजलं, आणि त्याला भर दुकानात नाचावंसं वाटलं. (तो थोडा नाचलाही. सराफाच्या माणसानं पाणी आणून दिलं.)

घरी आल्यावर त्यानं डबी मरगदमच्या हातात ठेवली आणि भाषण सुरू केलं, "हे बघ, बँकेच्या—" पण ती डबी घेऊन आरशापाशी गेली होती. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा नाकात काडी नव्हती. तिनं त्याच्यासमोर कॉफीचा पेला ठेवला. कॉफीत दोन चमचे साखर होती. डॉक्टरांनी बंद केल्यापासून चार वर्षांनी पहिल्यांदा. चेन्नियप्पनला इतका आनंद झाला, की क्षणभर तो कार्डसुद्धा विसरला.

आठवण बँकेनं करून दिली. पुढच्या सोमवारी बिल आलं. तळाशी ओळ होती: 'वार्षिक शुल्क व कर, ११८० रुपये.'

चेन्नियप्पननं एक्केचाळीस पानं पुन्हा उघडली. सव्विसावं पान. पहिली ओळ: पेट्रोल. तिच्या लगेच खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत, दुसरी ओळ: सोने, चांदी व दागिने.

मिक्सर या यादीत कुठंही नव्हता. ग्राइंडर नव्हता. साबण नव्हता. राहुकाळात तो बत्तीसशे पन्नासचा मिक्सर घेतला असता तर फी माफ झाली असती. चेन्नियप्पननं फोन उशीखाली ठेवला आणि वर स्वतः बसला.

पण मरगदमशी पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला उशीवर बसून काही लपवता येत नाही. तिनं हात पुढं केला, फोन घेतला, वाचलं. चमकीवरून एकदा बोट फिरवलं आणि बिलावरचा नंबर फिरवला.

"अगं, उपयोग नाही!" चेन्नियप्पन घाईघाईनं म्हणाला. "नियम आहे. सव्विसावं पान—"

"श्श. नमस्कार ताई. मोराचं कार्ड आहे आमचं, बंद करायचंय. हो, नवऱ्याच्या नावावर आहे, ते इथंच आहेत. घ्या हो, जन्मतारीख सांगा त्यांना." चेन्नियप्पननं फोनमध्ये तोंड घालून जन्मतारीख सांगितली, बायको म्हणेल तेच माझं म्हणणं असंही कबूल केलं. फोन परत मरगदमकडं गेला.

"मॅडम, बंद करण्याचं कारण विचारू का?" पलीकडून आवाज आला.

"जागा नाही."

"कुठं, मॅडम?"

"स्वयंपाकघरात. हे बघा ताई, तुमचं काही चुकलं असं मी म्हणतच नाही. पण तुमची अकराशे ऐंशीची फी वाचवायला ह्यांनी चौथा ग्राइंडर आणला. एका शनिवारी सुपरमार्केटात निवडणूक लढवली. हे कार्ड आणखी एक वर्ष घरात राहिलं तर आम्हाला अंगणात झोपावं लागेल."

पलीकडून दबलेलं हसू आलं. मग, "चौथा म्हणालात, अक्का?"

"कलता होतो तो."

"अक्का, दोन मिनिटं थांबा हं." फोनमध्ये वीणा वाजू लागली. दीड मिनिटात थांबली. "अक्का, साहेबांशी बोलले. जुने ग्राहक म्हणून या वेळची फी परत करतोय. पूर्ण. कार्ड मात्र बंद करू नका. आणि एक सांगू का, पुढच्या वर्षी फी माफीला दोन लाख लागतील, तर—"

"ते ह्यांना सांगू नका," मरगदम म्हणाली आणि फोन ठेवला.

पण चेन्नियप्पननं ऐकलं होतं. त्याचे डोळे चमकले. "दोन लाख? मरगदम, आत्तापासून सुरुवात केली तर—"

मरगदमनं कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशातून काढलं आणि रव्याच्या डब्यात खोल खुपसलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चेन्नियप्पननं टेबलावर थाप मारली. "परत घेतली फी! एकाच फोनवर!" कुणाच्या फोनवर, ते सांगायचं राहून गेलं. मग काय, देवसहायमपासून वॉचमनपर्यंत सात जणांनी आपापली बिलं पुढं केली. "अण्णा, आमचंही करा ना!" चेन्नियप्पननं मोठ्या मनानं सगळ्यांचे नंबर लिहून घेतले आणि रविवारी सकाळी तो कागद गुपचूप मरगदमसमोर ठेवला.

"सात फोन?" ती म्हणाली. "करते. त्या सातही जणांना घेऊन या दुपारी, इथूनच लावू. पण आधी तुमचा शब्द. तांदूळ-उडीद रात्रीच भिजवलेत मी."

"पण मी हरलो कुठं? बँकेनं एक रुपयाही घेतला नाही! परत दिला!"

"घेतला, मग परत दिला. घेतला की नाही?"

चेन्नियप्पननं आशेनं अम्माकडं पाहिलं. अम्मा कॅलेंडरचा कागद फाडत होती. "साडेचारच्या आत वाटून घे रे, कण्णू," ती म्हणाली. "आज रविवार, मग राहुकाळ लागतो. तुला पाहिजे तो ग्राइंडर घे, चार आहेत."

दुपारी सात जण बिलं घेऊन आले तेव्हा त्यांचा कॅशबॅकगुरू लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून, मिशीला उडदाचं पीठ लागलेल्या अवस्थेत ग्राइंडरपाशी बसला होता. ग्राइंडर कलता होत होता. देवसहायमनं विचारलं, "अण्णा, हे किती दिवस?"

चेन्नियप्पननंही मान वर करून बायकोकडं पाहिलं. "वर्षभरच ना, मरगदम? कार्डाचं नवं वर्ष लागलं तेव्हापासून मोजलं तर—"

पहिला नंबर फिरवता फिरवता मरगदम वळली. नाकातली चमकी लखकन चमकली.

"आयुष्यभर," ती म्हणाली. "मोफत."